घारापुरीचा देवमासा आणि अर्धनारीश्वर

परकीय भाषेतील एखाद्या थोर ग्रंथात आपल्या भूमीचे नाव अकस्मात भेटले म्हणजे वाचकास प्रथम आनंद होतो; आणि तो आनंद ओसरला म्हणजे त्या उल्लेखाची शहानिशा करावी, असे त्याच्या मनात येते. हर्मन मेल्व्हिल या अमेरिकन कादंबरीकाराच्या 'मोबी डिक' या १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत मुंबईनजीकच्या घारापुरीच्या लेण्यांचा असा एक उल्लेख आहे. देवमाशाची चित्रे जगात कोठे कोठे आणि किती चुकीची काढली गेली, याचा विनोदी आढावा घेताना मेल्व्हिल सांगतो की, देवमाशाचे सर्वांत प्राचीन हिंदू चित्र घारापुरीच्या गुंफेत असून ते विष्णूच्या मत्स्यावताराचे आहे. ज्यांनी घारापुरी पाहिली आहे त्यांना हे वाचून आश्चर्य वाटल्यावाचून राहणार नाही. तेथील मुख्य लेणे सर्वस्वी शिवाचे आहे. विष्णू तेथे आहे तो शिवाच्या परिवारात, गरुडावर बसून आलेला. मत्स्यावताराचे शिल्प तेथे नाही.

या प्रमादाचा उगम कोठे झाला एवढेच पाहावयाचे असते, तर एका लहानशा टिपणाने काम भागले असते. परंतु त्याचा माग काढीत गेले असता वाचक कादंबरीतील दोन नाजूक प्रश्नांपाशी येऊन पोहोचतो. त्यांतील एक प्रश्न धर्माचा आहे, आणि दुसरा पुरुषाने पुरुषावर केलेल्या प्रेमाचा. मेल्व्हिलच्या ठिकाणी हे दोन प्रश्न निरनिराळे नसून एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत, आणि त्यांतील ऐक्य उमगण्यास लागणारी सामग्री मराठी वाचकाच्या परंपरेत पूर्वीपासूनच पडून आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

प्रथम ग्रंथकाराविषयी. मेल्व्हिलचा जन्म १ ऑगस्ट १८१९ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. घराची सांपत्तिक स्थिती खालावल्यामुळे त्याला लहान वयातच पोटापाण्याच्या मागे लागावे लागले, आणि जानेवारी १८४१ मध्ये तो 'अकुश्नेट' नावाच्या देवमासे मारणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून निघाला. पुढील वर्षी प्रशांत महासागरातील मार्क्वेसास बेटांपाशी तो जहाज सोडून पळाला आणि तेथील रहिवाशांत काही काळ राहिला. ज्यांना युरोपीय लोक नरमांसभक्षक रानटी म्हणत, त्यांच्या घरी त्याने अन्न खाल्ले. या अनुभवाने त्याच्या मनातील सुधारलेला आणि रानटी, आस्तिक आणि मूर्तिपूजक या जोड्या कायमच्या ढिल्या झाल्या. 'मोबी डिक'चा पाया येथे आहे.

कथानक थोडक्यात असे आहे. इश्माएल नावाचा एक तरुण मन उदास झाले म्हणून समुद्रावर जाण्यास निघतो. न्यू बेडफर्ड येथील एका खानावळीत जागा नसल्यामुळे त्याला क्वीक्वेग नावाच्या, सर्वांगावर गोंदलेल्या, दक्षिण समुद्रातील बेटावरून आलेल्या भालाइताबरोबर एका बिछान्यात रात्र काढावी लागते. पुढे दोघे मिळून नॅन्टकेट बंदरातून 'पीक्वॉड' या जहाजावर चढतात. जहाजाचा कप्तान अहाब याचा पाय एका पांढऱ्या देवमाशाने तोडलेला असतो, आणि त्याचा सूड घेण्याखेरीज त्याला दुसरे ध्येय उरलेले नसते. अखेरीस देवमासा जहाज बुडवितो, सर्वजण मरतात, आणि एकटा इश्माएल वाचतो. तो कशाच्या आधाराने वाचतो, हे पुढे सांगू.

आपल्या भाषेत या प्राण्यास देवमासा म्हणतात. शास्त्रदृष्ट्या तो मासा नव्हे, सस्तन प्राणी आहे; तथापि इश्माएलही योना संदेष्ट्याची साक्ष काढून त्याला मासाच म्हणतो. राहिला 'देव' हा पूर्वार्ध. इंग्रजी शब्दात तो नाही, पण मेल्व्हिलच्या मनात तो होताच. कादंबरीच्या ८२व्या प्रकरणात देवमासे मारण्याच्या धंद्याची थोरवी गाताना तो पर्सियस, संत जॉर्ज, हर्क्युलिस आणि योना यांच्या पंक्तीत विष्णूलाही बसवितो. प्रलयानंतर सृष्टी पुन्हा उभारावयाची तर वेद पाहिजेत. वेद तर पाण्याच्या तळाशी. म्हणून विष्णूने देवमाशाचे रूप घेऊन ते वर काढले, अशी आपली मत्स्यावताराची कथा तो सांगतो, आणि घोड्यावर बसणाऱ्यास घोडेस्वार म्हणतात त्या न्यायाने विष्णूलाही देवमाशांच्या धंद्यातला का म्हणू नये, असा खट्याळ प्रश्न विचारतो.

ही माहिती त्याला मिळाली कोठून? मेल्व्हिल हिंदुस्थानात कधीही आला नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये हस्तलिखितांच्या विभागात काम करणारे थॉमस मॉरिस यांनी अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात हिंदुस्थानचा इतिहास व प्राचीन वस्तू यांवर मोठमोठे ग्रंथ प्रसिद्ध केले. मत्स्यावताराचे एक कोरीव चित्रही त्यांत होते. मेल्व्हिलचा आधार मॉरिस होय, असे अभ्यासक मानतात. मॉरिस यांनीही हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. न पाहिलेल्याने लिहिले आणि न पाहिलेल्याने वाचले. त्यात चित्रातील मत्स्य घारापुरीच्या भिंतीवर जाऊन बसला, यात नवल नाही. या सर्व हिंदू संदर्भांचा पद्धतशीर विचार करणारा 'मोबी डिक: अ हिंदू अवतार' हा प्रबंध अमेरिकेतील युटा राज्याच्या विद्यापीठाने १९७० साली प्रसिद्ध केला, आणि त्याचे लेखक एच. बी. कुलकर्णी हे होते, हेही येथे नमूद करणे उचित होईल.

पीक्वॉड जहाजावर आपल्या बाजूची माणसेही आहेत. अहाबाच्या खास होडीचा भालाईत फेदल्ला हा पारशी आहे, आणि अहाब विजेच्या कडकडाटात अग्नीला उद्देशून जे बोलतो त्यात अग्निपूजेची भाषा आहे. वादळाच्या रात्री ब्रह्मा आणि शिव यांची नावे घेणारा एक लष्करी, म्हणजे आपल्याकडील खलाशीही, तेथे आहे. अर्थात मुंबईच्या गोदीत उत्तमोत्तम जहाजे बांधणारे वाडिया घराणे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मेल्व्हिलचा गूढ व भयानक पारशी ओळखू येणार नाही. तो कल्पनेतील पारशी आहे, आणि तो चित्रित करताना ग्रंथकाराने आपल्या काळातील गैरसमजांचा आधार घेतला आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि सर्व धर्मांची माणसे एकाच लाकडी फळीवर उभी करावयाची आणि मग कोण कोणाशी कसा वागतो ते पाहावयाचे, ही त्याची योजना या दोषानेही झाकली जात नाही.

आता मुख्य विषयाकडे वळू. कादंबरीच्या दहाव्या प्रकरणात इश्माएल आणि क्वीक्वेग यांचे सख्य जुळते. क्वीक्वेग कपाळाला कपाळ लावतो, कमरेस मिठी घालतो, आणि आजपासून आपले लग्न झाले असे सांगतो. त्याच्या देशाच्या बोलीत याचा अर्थ जिवलग मित्र झालो असा होतो, असे इश्माएल लगेच स्पष्ट करतो. मग क्वीक्वेग जवळचे तीस डॉलर काढतो, त्यांचे दोन सारखे वाटे करतो आणि एक वाटा मित्राकडे सरकवितो. त्यानंतर तो योजो नावाची आपली छोटी काळी मूर्ती काढून पूजा मांडतो आणि मित्रानेही सामील व्हावे अशी खूण करतो.

येथे इश्माएलासमोर धर्मसंकट उभे राहते. तो प्रेस्बिटेरियन पंथात वाढलेला ख्रिस्ती मनुष्य. मूर्तिपूजा हे त्याच्या धर्मात महापाप. तो विचार करतो तो मोठा मार्मिक आहे. पूजा म्हणजे देवाच्या इच्छेप्रमाणे वागणे. देवाची इच्छा कोणती? दुसऱ्याने आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण त्याच्याशी वागावे, ही. क्वीक्वेगने माझ्या प्रार्थनेत सामील व्हावे असे मला वाटते. तर मग मी त्याच्या पूजेत सामील झाले पाहिजे. सबब मी मूर्तिपूजक झाले पाहिजे. आणि तो खरोखरीच लाकडाचे कपटे पेटवितो, मूर्तीला नैवेद्य दाखवितो व नमस्कार करतो. ख्रिस्ताच्याच उपदेशावरून तो मूर्तीपुढे वाकतो. त्यानंतर ते दोघे बिछान्यात पडून नवविवाहितांप्रमाणे रात्री उशिरापर्यंत गुजगोष्टी करीत राहतात.

मेल्व्हिलने पूजा आणि शय्या ही दोन दृश्ये एकाच प्रकरणात, एकापाठोपाठ एक ठेवली आहेत; हा योगायोग नव्हे. आरंभीच खानावळीचा मालक इश्माएलाला सांगतो की, हा पलंग उत्तम आहे, आमचे लग्न झाले त्या रात्री मी आणि माझी बायको यावरच निजलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी इश्माएल जागा होतो तेव्हा क्वीक्वेगचा हात त्याच्या अंगावर असा पडलेला असतो की, जणू तो त्याची पत्नीच आहे असे कोणासही वाटावे. पुढे समुद्रावर, मारलेल्या देवमाशाच्या निसरड्या पाठीवर क्वीक्वेग उभा आणि जहाजाच्या कडेला इश्माएल, अशा स्थितीत दोघांच्या कमरा एका दोरीने बांधलेल्या असतात. एक बुडाला तर दुसऱ्यानेही बुडावे, हा त्या धंद्याचा नियम. त्या दोरीलाही ग्रंथकार विवाहबंधनाचीच उपमा देतो. एकच रूपक इतक्या वेळा आणि इतक्या ठिकाणी येते, तेव्हा ते केवळ थट्टेकरिता आले असे म्हणता येत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो विचारात घेतला पाहिजे. त्या काळी खानावळीत अनोळखी पुरुषांनी एका बिछान्यात निजणे ही नित्याची गोष्ट होती. मित्रांमधील पत्रव्यवहारातही आज प्रियकराच्या तोंडी शोभेल अशी भाषा असे. मग त्यात भलता अर्थ का शोधावा? या आक्षेपात तथ्य आहे. 'समलिंगी' या अर्थाचा युरोपीय शब्दच मुळी १८६९ साली जर्मन भाषेत प्रथम छापला गेला. १८५१ साली मेल्व्हिलपाशी तो नव्हता. आजचे नाव कालच्या माणसाच्या कपाळी चिकटविणे हा इतिहासाचा मार्ग नव्हे. परंतु नाव नव्हते म्हणून वस्तूही नव्हती, असे म्हणणे हाही इतिहासाचा मार्ग नव्हे. रूढी होती हे खरे. पण रूढीने बिछाना दिला, विवाहाचे रूपक दिले नाही. ते मेल्व्हिलने दिले. ग्रंथ त्याने नॅथॅनिएल हॉथॉर्न या आपल्या ज्येष्ठ मित्रास अर्पण केला. त्या मैत्रीतील उत्कटतेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही ग्रंथकाराच्या खाजगी आयुष्याचा निवाडा करीत नाही. ग्रंथात जे आहे ते आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ते ग्रंथात आहे याची एक साक्ष ग्रंथाच्या छपाईच्या इतिहासातही मिळते. कादंबरी प्रथम लंडन येथे ऑक्टोबर १८५१ मध्ये 'द व्हेल' या नावाने तीन खंडांत निघाली आणि पुढील महिन्यात न्यूयॉर्क येथे 'मोबी डिक' या नावाने. लंडनच्या आवृत्तीत शेकडो ठिकाणी शब्द बदलले किंवा गाळले गेले. धर्माचा उपमर्द करणारा वाटला तो मजकूर गेला, आणि असभ्य वाटला तोही गेला. दोन्हींना कात्री एकच होती. ज्यांनी ती चालविली त्यांना या दोहोंतील नाते, टीकाकारांच्या किती तरी आधी, कळले होते असेच म्हणावे लागेल.

याहून चमत्कारिक गोष्ट उपसंहाराची आहे. लंडनच्या आवृत्तीत उपसंहार छापलाच गेला नाही. तो मुद्दाम गाळला की हलगर्जीपणाने राहिला, याविषयी मतभेद आहेत. परिणाम असा झाला की, सर्वजण बुडाले तर कथा सांगावयास उरला कोण, असा प्रश्न तेथील परीक्षकांनी केला आणि ग्रंथकारास दोष दिला. त्या उपसंहारात काय होते? क्वीक्वेग एकदा आजारी पडून मरणाच्या दारी गेला असता त्याने स्वतःसाठी शवपेटी करवून घेतलेली असते. तो बरा होतो, अंगावरील गोंदणातील आकृती तो त्या पेटीवर कोरतो, आणि पुढे तीच पेटी जहाजावर बुडत्यास तारण्यासाठी टांगली जाते. जहाज बुडते तेव्हा ती पेटी पाण्यातून उसळून वर येते आणि तिच्यावर तरंगत इश्माएल वाचतो. ज्या मूर्तिपूजकाशी त्याने सख्य केले, त्याच्या अंगावरील धर्मचिन्हे ज्या लाकडावर उतरली होती, त्याच लाकडाने त्याला तारले. लंडनच्या वाचकास प्रेमाचे हे फळ दिसलेच नाही.

याच्या उलट अहाबाचा धर्म पाहावा. तो आपल्या भाल्याचे पाते तिघा मूर्तिपूजक भालाइतांच्या रक्तात विझवितो आणि सैतानाच्या नावाने त्याला बाप्तिस्मा देतो. त्या तिघांत क्वीक्वेगही आहे. एकाच मनुष्याला एकाने आलिंगन दिले आणि दुसऱ्याने त्याचे रक्त मागितले. एक वाचला आणि दुसरा दोरीच्या फासात सापडून बुडाला. जहाजावर चढण्यापूर्वी जहाजाचे क्वेकर मालक क्वीक्वेगचे ख्रिस्ती झाल्याचे प्रमाणपत्र मागतात, तेव्हा इश्माएल उत्तर देतो की, ज्या एका मंडळीचे आपण सर्वजण, यच्चयावत माणसे, जन्मजात सभासद आहोत, त्या मंडळीचा हाही सभासद आहे. ग्रंथातील धर्मविचार येथे एकवटला आहे. आणि हा विचार इश्माएलाला कोणत्या व्याख्यानात सुचलेला नाही. तो त्याला त्या बिछान्यात सुचला.

ग्रंथकारास याचे मोल मिळाले नाही. त्याच्या हयातीत या कादंबरीच्या सुमारे तीन हजार प्रती खपल्या. तो न्यूयॉर्कच्या जकात खात्यात नोकरीला लागला आणि २८ सप्टेंबर १८९१ रोजी जवळजवळ विस्मृत अवस्थेत वारला. १९१९ च्या जन्मशताब्दीनंतर त्याचा पुन्हा शोध लागला, १९२४ साली 'बिली बड' ही अप्रकाशित कथा छापली गेली, आणि मग हा अमेरिकेचा सर्वश्रेष्ठ ग्रंथ होय असे म्हटले जाऊ लागले. तरीही क्वीक्वेगच्या बिछान्याविषयी बोलणे सोपे नव्हते. न्यूटन आर्व्हिन या प्राध्यापकांनी १९५० साली मेल्व्हिलवर एक मर्मग्राही ग्रंथ लिहिला आणि त्यास मोठा पुरस्कार मिळाला. १९६० साली पोलिसांनी त्यांच्या घरात शिरून पुरुषांची काही छायाचित्रे जप्त केली. त्यांना अटक झाली, अध्यापन सुटले आणि १९६३ साली ते निवर्तले. ज्याने ग्रंथातील हे प्रेम इतक्या सूक्ष्मपणे वाचले, त्याला स्वतःचे प्रेम बाळगणे गुन्हा ठरले.

आता घारापुरीकडे परत जाऊ. मेल्व्हिलने जेथे मत्स्य आहे असे लिहिले, तेथे प्रत्यक्ष काय आहे? मध्यभागी सदाशिवाची विशाल त्रिमुखी मूर्ती, आणि तिच्या पूर्वेस अर्धनारीश्वर. नंदीवर हात टेकून तोललेले एक शरीर; उजवी बाजू पुरुषाची, डावी स्त्रीची; तिच्या हाती आरसा, दोन कानांतील भूषणे निराळी. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या या मूर्तीत शिल्पकाराने पुरुष कोठे संपतो आणि स्त्री कोठे सुरू होते हे ठळक रेघ मारून दाखविलेले नाही. कमरेच्या एका बाकात ते सामावून घेतले आहे. ज्या भिंतीवर मेल्व्हिल देवमासा शोधीत होता, त्याच भिंतीवर त्याच्या ग्रंथातील अधिक खोल प्रश्नाचे उत्तर हजार वर्षांहून अधिक काळ उभे होते, ते त्याला ठाऊक नव्हते.

हे उत्तर आम्हां सीमेवरच्या मराठी लोकांना तर घरचेच आहे. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून निघून त्यांचा निराळा जिल्हा झाला. त्यातील सौंसर तालुक्यात मोहगाव हवेली येथे अर्धनारीश्वराचे मंदिर आहे, आणि आमच्याकडील आयाबाया तेथे बेल वाहताना देवाच्या या द्विविध रूपाविषयी कसलाही संकोच बाळगीत नाहीत. पलीकडे अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात तेथे गोविंदप्रभू राहिले, आणि त्यांच्या लीळांत गावची माणसे त्यांना आई आणि बाप अशा दोन्ही नावांनी आळवतात. पंढरीचा विठोबा पुरुष, पण वारकरी त्याला माउली म्हणतो. ज्ञानेश्वरांनाही माउलीच म्हणतो. त्याच ज्ञानेश्वरांनी विरहिणी स्त्रीच्या तोंडून देवाचा विरह गायिला. वारीत वारकरी वारकऱ्याच्या पाया पडतो आणि त्याला उराशी धरतो, तेव्हा तो त्याची जात विचारीत नाही.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. ही भक्तीची रूपके आहेत. त्यांवरून आपला प्राचीन समाज समलिंगी प्रेमाविषयी उदार होता, असे अनुमान काढणे म्हणजे मॉरिसच्या चित्रातील मत्स्य पुन्हा घारापुरीच्या भिंतीवर चिकटविणे होईल. देवाला आई म्हणणारा समाज बायकी वाटणाऱ्या मुलाला सुखाने जगू देतोच असे नाही, हे शाळेत आयुष्य काढलेल्या आमच्यासारख्यांना सांगावयास नको. रूपक मंदिरात पूजिले जाते आणि त्याचाच अर्थ घेऊन जगणारा मुलगा वर्गात चिडविला जातो. परंपरेने आपल्याला उत्तर दिले असे नव्हे. उत्तर समजून घेण्याची भाषा दिली आहे. ती वापरावयाची की नाही, हे आपल्यावर आहे.

पांढुर्ण्याच्या वाचकास याचे एक उदाहरण जाम नदीच्या पात्रात सापडेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तेथे गोटमार होते. नदीच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन बाजूंचे लोक एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. दंतकथा अशी की, पांढुर्ण्याच्या एका तरुणाने सावरगावची मुलगी पळवून आणली, नदी ओलांडताना त्या दोघांवर दगड आले आणि दोघेही तेथेच मेली. कथा खरी असो वा नसो, तिच्यात एक सत्य आहे. गावाला मान्य नसलेल्या प्रेमावर दगड पडतात, आणि पुढे गाव त्या दगडांचीच आठवण सण म्हणून पाळते. आजवर या सणात माणसे जखमी झाली आहेत, मेलीही आहेत. ते प्रेम तर स्त्रीपुरुषांचे होते. जेथे तेही सुखरूप नदीपार झाले नाही, तेथे अन्य प्रेमाची काय कथा!

त्या अन्य प्रेमावर दगड टाकण्याचे काम आपल्याकडे कायद्याने केले. 'मोबी डिक' छापली गेल्यानंतर नऊ वर्षांनी, १८६० साली, इंग्रजांनी भारतीय दंडसंहिता केली, आणि तिचे ३७७ वे कलम १८६२ पासून अंमलात आले. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ते रद्द ठरविले. क्वीक्वेगने उच्चारलेला विवाह हा शब्द मात्र अद्याप दूर आहे. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात त्याच न्यायालयाने तो हक्क देण्यास नकार देऊन हा प्रश्न कायदेमंडळाचा आहे असे म्हटले. मराठी साहित्य या बाबतीत न्यायालयाच्या आधी जागे झाले, ही समाधानाची गोष्ट होय. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले, आणि सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ साली प्रसिद्ध झाली. या कृती वाचताना जे वाचक हे पाश्चात्य खूळ आहे असे म्हणतात, त्यांनी पश्चिमेने स्वतःच्या थोर ग्रंथाशी काय केले ते वर पाहिलेच आहे. कात्री पश्चिमेची होती, आणि कलमही पश्चिमेचे होते.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. 'मोबी डिक' मुलांच्या हाती पडते ती बहुधा संक्षिप्त रूपात. त्यात देवमासा असतो, भाला असतो, वादळ असते. खानावळीतील रात्र विनोदापुरती उरते आणि योजोची पूजा तर गळूनच जाते. मुले शिकतात ती अहाबाची कथा, म्हणजे सूडाची. ती सोपी आहे आणि रोमहर्षकही आहे. परंतु त्या जहाजावरचा जो एक मनुष्य वाचला तो भाल्याने वाचला नाही, हे त्यांना कळत नाही. मराठीत या ग्रंथाची आवृत्ती कोणी सिद्ध करील, किंवा वर्गात ही कथा कोणी सांगेल, त्याने ती तीस डॉलरांची वाटणी, मूर्तीपुढचा तो नमस्कार आणि क्वीक्वेगची ती पेटी गाळू नये, अशी आमची विनंती आहे. वर्गातील चाळीस मुलांपैकी एखाद्याला ती पेटी तरंगण्यासाठी लागेल. आणि तो कोण, हे शिक्षकाला आधी कळत नसते.